कॅप्टन मॅलरी आणि आमचे आबा

१९९४ च्या उन्हाळ्यात मी बेळगावच्या बाहेर पाऊल न टाकता एका ग्रीक बेटावर जाऊन आलो. रस्त्याकडेला जुनी पुस्तकं मांडून बसणाऱ्या एका माणसाकडून वडिलांनी दहा रुपयांना एक इंग्रजी कादंबरी आणली होती. मुखपृष्ठ निम्मं फाटलेलं, पानं पिवळी पडलेली. अ‍ॅलिस्टर मॅक्लीनची ‘द गन्स ऑफ नॅव्हारन’. मी मराठी शाळेतला, नववीत जाणारा. मांडीवर पुस्तक, शेजारी डिक्शनरी, असं महिनाभर चाललं. पहिली पन्नास पानं अडखळत गेली. मग डिक्शनरी कधी बाजूला पडली ते कळलंही नाही.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दुसरं महायुद्ध चालू आहे. एका बेटावर बाराशे ब्रिटिश सैनिक अडकलेत. त्यांना सोडवायला जहाजं जाणार, पण वाटेवर नॅव्हारन नावाचं बेट आहे आणि तिथल्या कड्यातल्या गुहेत दोन अजस्र जर्मन तोफा आहेत. विमानांनी त्या फुटत नाहीत. मग पाच माणसांनी रात्रीच्या वादळात बेटाचा उभा कडा चढून जायचं आणि तोफा उडवायच्या असं ठरतं. त्यांचा म्होरक्या कॅप्टन मॅलरी, न्यूझीलंडचा गिर्यारोहक. नॅव्हारन बेट नकाशावर शोधू नका, ते मॅक्लीनच्या डोक्यातलं आहे. मी मात्र तेव्हा शाळेच्या अ‍ॅटलासमध्ये ते भिंग घेऊन शोधलं होतं.

याच सुट्टीत मला आठवण झाली की आमच्या घरात एक खराखुरा युद्धावरून आलेला माणूस आहे. आमचे आबा. वडिलांचे वडील. १९४१ साली, एकोणिसाव्या वर्षी ते मराठा पलटणीत भरती झाले आणि इटलीत लढाईवर गेले, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. कपाटात एका डबीत त्यांचा ‘इटली स्टार’ होता. पण मला ते माहीत होते ते वेगळ्याच कारणांनी. संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की ते दारातल्या कट्ट्यावर बसत. घरातलं शेवटचं माणूस आत येईपर्यंत जेवायला उठत नसत. ताटावर बसण्याआधी स्वयंपाकघरात डोकावून विचारत, “सगळी आली काय?” आणि चपात्यांच्या डब्यात बघून मनाशी काहीतरी मोजत. आई त्यावरून त्यांची थट्टा करायची. आम्हीही करायचो.

एका दुपारी मी पुस्तक घेऊन त्यांच्याजवळ गेलो.

“काय वाचायलास रं?”

“लढाईचं आहे, आबा. तुम्ही इटलीत किती जर्मन मारले?”

ते माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “मी लांगरी हुतो.”

लांगरी म्हणजे फौजेतला स्वयंपाकी. माझा चेहरा पडला असणार, कारण आबा उठून आत गेले.

पुढे जे केलं ते सांगायला आजही अवघड वाटतं. शाळा सुरू झाल्यावर मी वर्गात सांगितलं की आमच्या आबांनी इटलीत दोरावरून कडा चढून जर्मनांची तोफ उडवली. एकाला सांगितलं, ते चौघांना कळलं, आणि आठवडाभरात सरांच्या कानावर गेलं. त्यांनी मोठ्या कौतुकाने मला बोलावून सांगितलं की १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर आबांनी मुलांशी दोन शब्द बोलावेत. मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं धैर्यही झालं नाही.

आबा धोतर, कोट, डोक्यावर पांढरी टोपी आणि कोटावर तो इटली स्टार लावून आले. सरांनी ओळख करून दिली. तोफेसकट. आबांनी ऐकून घेतलं. मग माईकपुढे उभे राहिले आणि म्हणाले, “मी लांगरी हुतो. बंदूक मिळाली हुती, पण माझं काम चुलीपाशी.” पावसात चूल कशी पेटवायची, रात्री खेचरांवर गरम जेवणाचे डबे लादून पुढच्या मोर्चापर्यंत कसं जायचं, खेचराच्या नालांचा आवाज होऊ नये म्हणून काय करायचं, असं ते सांगत गेले. चिखल म्हणजे आपल्या चंदगडाकडचा श्रावणातला चिखल, पण बर्फाइतका गार. मग म्हणाले, “एका रात्री पलटण नदी वलांडून गेली. आमच्या कंपनीचा शंभर जणांचा स्वयंपाक केला. सकाळी जेवाय एकसष्ट आले. चपात्या उरल्या.” इथे ते थांबले. “लई उरल्या.”

मागच्या रांगेतली पोरं फिसकन हसली. तोफ ऐकायला आलेल्यांना चपात्या मिळाल्या होत्या. सरांनी चटकन टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या, कार्यक्रम संपला. मी खाली मान घालून उभा होतो. मला पोरांचा राग आला नव्हता. मला आबांचा राग आला होता.

घरी जाताना आबा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते. बराच वेळाने म्हणाले, “तू सांगितलीस ती गोष्ट बरी हाय. लोकांना तसलीच आवडते.” नंतर या विषयावर ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. २००१ साली आबा गेले.

युद्धकादंबऱ्यांवर लेख लिही म्हटल्यावर हे सगळं का सांगत बसलो? कारण त्या कादंबऱ्यांमध्ये मी पुढची पंधरावीस वर्षं जे वाचत गेलो, ते मला हळूहळू त्या माईकपाशी परत घेऊन आलं.

मॅक्लीन कोण होता?

मी मॅक्लीन पुन्हा वाचायला घेतला तो नोकरीनिमित्त पुण्यात असताना. पहिल्यांदा त्याच्याविषयी माहिती वाचली आणि चमकलो. त्याचा जन्म १९२२ चा, म्हणजे आबांच्याच वर्षाचा. स्कॉटलंडमधल्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा. घरची भाषा गेलिक, इंग्रजी नंतर शिकलेली. १९४१ साली, आबा पलटणीत गेले त्याच वर्षी, तो आरमारात गेला. अधिकारी म्हणून नव्हे, साधा खलाशी म्हणून. ‘रॉयलिस्ट’ नावाच्या युद्धनौकेवर टॉर्पेडोचं काम करायचा. युद्ध संपल्यावर शाळामास्तर झाला. १९५४ साली एका वर्तमानपत्राच्या कथास्पर्धेत त्याच्या गोष्टीला बक्षीस मिळालं, ती गोष्ट वाचून प्रकाशकाने कादंबरी मागितली, आणि १९५५ साली ‘एचएमएस युलिसिस’ आली. ‘गन्स ऑफ नॅव्हारन’ त्यानंतरची, १९५७ ची.

‘युलिसिस’मध्ये उडवायला तोफ नाही, चढायला कडा नाही. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रातून रशियाला सामान पोचवणाऱ्या जहाजांच्या ताफ्याला सोबत करणारी एक युद्धनौका आहे आणि थकून गेलेली माणसं आहेत. थंडी अशी की डेकवर बर्फाचे थर चढतात आणि ते फोडले नाहीत तर वजनाने जहाज कलंडेल. कप्तान व्हॅलरी क्षयाने खंगलेला आहे. रॉल्स्टन नावाचा एक टॉर्पेडोवाला आहे. ताफ्यातलं तेलाचं एक जहाज पेटतं. त्याच्या उजेडात सगळा ताफा शत्रूला दिसणार, म्हणून ते बुडवायचा हुकूम रॉल्स्टनला मिळतो. त्या जहाजावर त्याचे वडील आहेत. तो हुकूम पाळतो.

मॅक्लीन हे सगळं जहाजाच्या पोटात राहिलेल्या माणसाच्या नजरेने लिहितो. कोणता दरवाजा कुठे उघडतो, ओले कपडे अंगावर कसे गोठतात, चार तासांच्या पहाऱ्यानंतर मिळालेला कोको किती मोलाचा असतो. पुढे तो नुसत्या झटपट थरारकथा लिहू लागला, त्या मला फारशा आवडत नाहीत. पण ‘युलिसिस’ लिहिताना त्याच्यापुढे त्याच्यासारखेच साधे खलाशी होते.

मग मी ‘नॅव्हारन’ परत उघडली आणि त्यात मला एक नवीनच माणूस सापडला. अँडी स्टीव्हन्स. पाच जणांतला सगळ्यात तरुण. तो निष्णात गिर्यारोहक आहे, पण आतून सतत घाबरलेला. आपण भित्रे आहोत हे इतरांना कळेल याचीच त्याला जास्त भीती. त्याचा पाय मोडतो आणि पुढचा प्रवास तो इतरांच्या खांद्यावरून करतो. चौदाव्या वर्षी मी त्याची पानं भराभर उलटली होती, कारण तो मला तोफेपर्यंत पोचायला उशीर करत होता. आता वाटतं, ती कादंबरी त्याचीच आहे. मॅलरीला काय करायचं ते पहिल्या पानापासून ठाऊक असतं. स्टीव्हन्सला ते शोधावं लागतं.

दीडशे जणांचा स्वयंपाक

साधारण त्याच सुमारास मी एरिक मारिया रेमार्कची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ वाचली. ही पहिल्या महायुद्धाची, जर्मन बाजूने लिहिलेली कादंबरी. रेमार्क अठरा वर्षांचा असताना सक्तीने सैन्यात गेला, १९१७ मध्ये जखमी झाला. पुस्तक १९२९ साली निघालं आणि जगभर गेलं. १९३३ मध्ये नाझींनी जी पुस्तकं चौकात जाळली त्यांत हेही होतं, कारण यातल्या सैनिकांना मरण्यात काही गौरव वाटत नाही.

या कादंबरीची सुरुवात लढाईने होत नाही, जेवणाने होते. कंपनी आघाडीवरून मागे आलेली आहे. सगळे पोटभर जेवलेत, खुशीत आहेत, दुप्पट वाटा मिळालाय. का, ते हळूच कळतं. स्वयंपाक्याने दीडशे जणांसाठी शिजवलं होतं आणि परत आले ऐंशी. स्वयंपाकी हट्टी आहे, ऐंशी जणांना दीडशेंचं वाढायला तयार होत नाही. पोरं त्याच्याशी हुज्जत घालतात.

मी त्या पानावर थांबलो. पुण्यातली भाड्याची खोली, रात्रीचे अकरा, खाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं, हे सगळं अजून डोळ्यांपुढे आहे. पुस्तक मिटून ठेवलं. शंभर, एकसष्ट. बारा वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या माणसाने भर सभेत आम्हाला हेच सांगितलं होतं. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या युद्धकादंबरीचं पहिलं प्रकरण आबांनी आपल्या भाषेत चार वाक्यांत सांगितलं, आणि आम्ही हसलो.

लांगऱ्याला मेलेल्यांची यादी वाचून दाखवत नाहीत. तो उरलेल्या चपात्या मोजतो. पन्नास वर्षांनंतरही घरातलं शेवटचं माणूस आत आल्याशिवाय तो जेवायला बसत नाही.

म्हातारा, मुलं आणि दूध

तिसरा लेखक, ज्याच्याकडे मी सगळ्यात उशिरा पोचलो आणि ज्याच्यावर आता सगळ्यात जास्त जीव आहे, तो नेव्हिल शूट. हा पेशाने विमान-अभियंता. ‘आर १००’ नावाच्या प्रचंड हवाई जहाजाच्या गणितावर त्याने काम केलं, नंतर स्वतःची विमान कंपनी काढली. कादंबऱ्या संध्याकाळी, काम संपल्यावर लिहायचा. त्याच्या लिखाणात ते दिसतं. संकट म्हणजे त्याच्यासाठी एक हिशेब असतो. अंतर किती, माणसं किती, दूध किती, उजेड किती वाजेपर्यंत.

त्याच्या ‘पाइड पायपर’ (१९४२) या कादंबरीचा नायक सत्तरीला टेकलेला एक निवृत्त इंग्रज वकील आहे, जॉन हॉवर्ड. त्याचा वैमानिक मुलगा युद्धात गेलाय. मन रमेना म्हणून १९४० च्या वसंतात तो फ्रान्समध्ये मासे पकडायला जातो. तेवढ्यात जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसतात. हॉटेलात भेटलेलं एक जोडपं आपली दोन मुलं इंग्लंडला पोचवायची विनंती करतं, आणि तो नाही म्हणू शकत नाही. मग गाड्या बंद होतात, रस्ते निर्वासितांनी भरतात, आणि वाटेत मुलं वाढत जातात. हॉटेलातल्या मोलकरणीची भाची. रस्त्यावरच्या विमानहल्ल्यात आईबाप गमावलेला मुलगा. एक डच पोरगा. एक पोलिश ज्यू मुलगा. हॉवर्डकडे शस्त्र नाही, पैसे संपत आलेत, छाती साथ देत नाही.

त्याच्यापुढचे प्रश्न काय आहेत ते पाहा. आजारी मुलीला ताप आहे, दूध कुठे मिळेल? जर्मन सैनिकांसमोर मुलं इंग्रजीत बोलून बसली तर? रडणाऱ्या पोराला गप्प कसं करायचं? तो झाडाची फांदी कापून त्यांना शिट्ट्या करून देतो. नातवंडांना फिरायला नेलेला कोणताही आजोबा जे करेल तेच तो करतो, फक्त आजूबाजूला युद्ध आहे. तो कधीच ‘शूर’ होत नाही. तो शेवटपर्यंत एक नीटनेटका, थोडा हट्टी, सभ्य म्हातारा राहतो, आणि मुलं त्यामुळेच वाचतात.

शूटच्या ‘अ टाउन लाइक अ‍ॅलिस’ (१९५०) मधली जीन पॅजेट अशीच. मलायात टायपिस्टचं काम करणारी तरुण मुलगी. जपानी सैन्य युरोपीय बायकामुलांना पकडतं, पण त्यांचं काय करायचं हे कुणालाच ठरवता येत नाही. प्रत्येक अधिकारी त्यांना पुढच्या गावाला हाकलतो. त्या महिनोन्‌महिने चालत राहतात. जवळजवळ निम्म्या वाटेतच मरतात. जीन एका मेलेल्या सोबतिणीचं मूल कडेवर घेते, बूट टाकून अनवाणी चालायला लागते, सारोंग नेसते, मलय भाषेत बाजारहाट करते. सोबतचा जपानी शिपाई तापाने मरतो तेव्हा ती एका गावाच्या प्रमुखाकडे जाऊन सरळ सौदा करते. आम्ही तुमच्या भातशेतात राबतो, आम्हाला राहू द्या. युद्ध संपल्यावर हातात पैसे येतात तेव्हा ती पहिलं काय करते? त्या गावातल्या बायकांना लांबून पाणी आणावं लागू नये म्हणून तिथे विहीर खोदून देते. सुमात्रामध्ये डच बायकांवर जे गुदरलं ते ऐकून शूटला ही गोष्ट सुचली.

आता दोषही सांगतो, नाहीतर तुम्ही वाचून मला विचाराल. शूटच्या ‘अ‍ॅलिस’मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांविषयी जे येतं ते आज वाचताना खटकतं. मॅक्लीनच्या जगात बायका जवळजवळ नाहीतच. आपल्या बाजूची सगळी माणसं आणि समोर नुसते ‘शत्रू’, हेही या कादंबऱ्यांत पुष्कळदा होतं. रेमार्क याला अपवाद. त्याचा नायक एका फ्रेंच सैनिकाला मारतो आणि मग त्याच्या प्रेताशेजारी खड्ड्यात तासन्‌तास अडकतो.

हे सगळं आपल्यापासून फार दूर नाही

‘पाइड पायपर’ वाचताना वाटतं, हे तिकडचं. पण बेळगावपासून दोन-तीन तासांवर, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला, १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. सोव्हिएत फौजांनी त्यांना घरातून उचलून सैबेरिया आणि मध्य आशियाकडे नेलं होतं. तिथून इराणमार्गे ती हिंदुस्थानात पोचली. तिकडे जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोलिश मुलांसाठी छावणी उघडली. आपल्या वडोदऱ्याच्या वाचकांना ती ठाऊक असेल. हॉवर्डच्या मागून चालणारी मुलं अशी खरोखरच आपल्या अंगणात येऊन राहिली होती. वॉर्सा शहरात आज कोल्हापूरची आठवण सांगणारं स्मारक आहे.

वळिवड्यातल्या अनेक घरांतले बाप आणि भाऊ तेव्हा पोलिश पलटणींमधून इटलीत लढत होते. आणि इटलीतच आपल्या पलटणी होत्या. म्हणजे तिकडची बायकापोरं कोल्हापूरला ज्वारीची भाकरी चाखत होती, आणि कोल्हापूर-बेळगावकडची पोरं त्यांच्या पुरुषांच्या शेजारच्या आघाडीवर चपात्या भाजत होती. हे मी कुठल्या कादंबरीत वाचलेलं नाही. कुणीतरी लिहावी.

इटलीत सुमारे पन्नास हजार हिंदी सैनिक लढले, ५,७८२ तिथेच राहिले. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रावरून आपण रोज जातो. त्या पलटणीतल्या दोघांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाईक यशवंत घाडगे, माणगावकडचे. १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या तुकडीतले सगळे पडले तेव्हा ते एकटे मशीनगनवर धावून गेले आणि तिथेच मारले गेले, वय २२. २०२३ मध्ये इटलीतल्या माँतोने गावात त्यांच्या नावाचं स्मारक झालं. दुसरे नामदेव जाधव, नगरकडचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर. ते कंपनीचे ‘रनर’ होते, म्हणजे निरोप्ये. त्यांनी आधी एका जखमीला पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांमधून पाठीवर आणलं. मग परत जाऊन दुसऱ्याला आणलं. मशीनगनचा नंबर त्यानंतरचा. पदकाच्या गोष्टीत आपण मशीनगन लक्षात ठेवतो. मला आता ती दोनदा ओलांडलेली नदी जास्त मोठी वाटते.

आपल्या मराठी कपाटात युद्ध भरपूर आहे. शेजारच्या कोवाडचे रणजित देसाई आपण वाचतच वाढलो. विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ (१९८८) मी दोनदा वाचलंय. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना तर तो घरचा इतिहास. पण आपल्याकडे युद्ध बहुधा राजांचं, सरदारांचं असतं. पानिपतावर लढणाऱ्यांबरोबर हजारो बुणगे, यात्रेकरू, बायकामुलं होती. त्यांतली एखादी बाई पोराला घेऊन ग्वाल्हेरपर्यंत कशी आली असेल? तिच्याजवळ काय होतं, वाटेत काय खाल्लं, पोराला काय सांगून चालवलं? हॉवर्डच्या आणि जीनच्या वाटेला जेवढी पानं आली, तेवढी तिच्या वाटेला यावीत असं फार वाटतं.

कुठून सुरू करायचं?

तरुण वाचकांनी विचारलं तर मी असं सांगेन. चौदा-पंधराव्या वर्षी ‘नॅव्हारन’ वाचा, मजेसाठी वाचा, पण स्टीव्हन्सची पानं उलटू नका. ‘पाइड पायपर’ कोणत्याही वयात चालेल. घरात रात्री दहा-दहा पानं मोठ्याने वाचली तर आजी-आजोबांनाही आवडेल. ‘अ‍ॅलिस’ कॉलेजात गेल्यावर. ‘युलिसिस’ दमवणारी आहे, सुट्टीत घ्या. आणि रेमार्क सतरा-अठराव्या वर्षी, कारण त्यातली पोरं त्याच वयाची आहेत.

आणि वाचून झालं की घरात विचारा. ज्यांनी पूर, दंगल, फाळणी, दुष्काळ, सीमेवरची नोकरी यांतलं काही पाहिलंय अशी माणसं प्रत्येक घरात असतात. “तुम्ही किती मारले” असं विचारू नका. त्या दिवशी तुम्ही काय खाल्लंत, पायात काय होतं, सोबत कोण होतं, असं विचारा. मोठी माणसं मोठ्या प्रश्नाला गप्प बसतात, छोट्या प्रश्नाला बोलतात. मला हे कळेपर्यंत आबा राहिले नव्हते. त्यांनी ओलांडलेली नदी सांग्रो होती, गारी होती की सेनिओ, हे मी कधी विचारलंच नाही. त्या एकोणचाळीस जणांतल्या एकाचंही नाव आमच्या घरात कुणाला माहीत नाही.

गेल्या महिन्यात माझी मुलगी ‘पाइड पायपर’ वाचत होती. ती आता नववीत आहे. त्या निमित्ताने मी तिला पहिल्यांदाच आबांची ही सगळी गोष्ट सांगितली, माझ्या खोट्यासकट. तिने ऐकून घेतलं. हसली नाही. थोड्या वेळाने विचारलं, “बाबा, त्या उरलेल्या चपात्यांचं आबांनी काय केलं?”

मला माहीत नव्हतं. एवढं विचारणं मला त्या दिवशी सायकलीशेजारून चालताना सहज जमलं असतं.